छातीच्या उंचीवर

झाडाचा घेर कुठे मोजायचा, याचं पुस्तकी उत्तर ठरलेलं आहे: छातीच्या उंचीवर. म्हणजे जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटर. बुंध्याशी झाड फुगलेलं असतं आणि वर निमुळतं होत जातं, म्हणून कुठली तरी एक जागा ठरवायला हवी होती. ती फार पूर्वी कुणीतरी माणसाच्या छातीवरून ठरवली. कुठल्या माणसाच्या, ते मला कुणी शिकवलं नाही. माझी आपली खात्री आहे की तो पुरुष होता, चांगला धिप्पाड होता आणि त्याच्या अंगात खिशाचा शर्ट होता. मी पाच फुटांना दोन इंच कमी. ती जागा माझ्या छातीशी येत नाही, डोळ्यांसमोर येते. ही साधी गोष्ट मला चाकणजवळच्या एका कंपनीच्या मागच्या रानात, चारचौघांसमोर समजली.

रान म्हणायचं, पण ती कंपनीच्या ताब्यातली मोकळी जमीन होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. थोडी जागा हिरवी ठेवावी लागते म्हणून त्यांनी ती आमच्या संस्थेला सागाच्या प्रयोगासाठी दिली होती. एका अंगाला तारेचं कुंपण, पलीकडे ट्रकची रांग, आणि वारा बाजाराकडून आला की कांद्याचा वास. ठिकठिकाणच्या नामांकित सागांचं बी आणून इथे रोपं लावली होती. एका झाडाच्या बियापासून झालेली सगळी रोपं म्हणजे एक कुळ. एका कुळाची झाडं एका जागी लावायची नाहीत, सगळ्या रानात विखरून लावायची, म्हणजे एका कुळाला नुसती काळी माती आणि दुसऱ्याला नुसता मुरूम असा अन्याय होत नाही. मग दर वर्षी उंची आणि घेर मोजायचा. कुठेही लावलं तरी एखाद्या कुळाची झाडं जोमदारच दिसली, तर तो गुण बियातला. एरवी तो जमिनीचा, पाण्याचा किंवा नशिबाचा. हे वाटे वेगळे काढणं हे माझं काम.

मी हे आईला समजावून सांगत होते तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे खाण तशी माती," ती म्हणाली. मी म्हटलं, खरंच तशी असते का, तेच तर बघायचं असतं. त्यावर ती घडी मोडून पुन्हा घालत म्हणाली, "ते आपल्याला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलंय. आता तू शिकून-सवरून ऐकवू नको." आम्ही बौद्ध. वडील काळेवाडीतून सायकलवर शिफ्टला जाऊन जाऊन निवृत्त झालेले. आई विनोद करते तेव्हा तो अर्धाच विनोद असतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

रानाशेजारच्या गावात एक आजी होती. कंपनी येण्याआधी इथल्या जमिनी ज्यांच्या होत्या, त्यांपैकी एका घरातली. तिच्या शेताच्या बांधावर सासऱ्याच्या वेळचा एक साग होता, दोघांच्या कवेत न मावणारा. माझ्या आधी हा प्रयोग सांभाळणाऱ्या साहेबांनी त्याचं बी गोळा करून आमच्या प्रयोगात घेतलं होतं. पुढे तिच्या मुलांनी तो तुकडा गोडाऊनसाठी विकला. आजी तेव्हा जुन्नरला लेकीकडे गेली होती. परत आली तेव्हा सागाच्या जागी सिमेंटचा कोबा होता. "पोरांनी फोन सुदिक केला न्हाई," हे ती मला पहिल्या भेटीत म्हणाली आणि नंतर जवळजवळ प्रत्येक भेटीत म्हणाली. त्या सागाचं म्हणून जे काही जगात उरलं होतं ते आमच्या रानात होतं, पिवळ्या पत्र्याच्या बिल्ल्यांची झाडं. बाकीच्या कुळांना दुसरे रंग होते.

पहिल्या दिवशी ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि मला विचारलं, "कुणाची गं तू?" मी गाव सांगितलं, तिने आडनाव विचारलं, तेही सांगितलं. तिने काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "चल, चहा पी." त्या संध्याकाळी घरी गेल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला: "चहा कशात दिला?" मी म्हटलं, त्यांच्याच स्टीलच्या पेल्यात, त्यांच्याच बरोबर, सुनेनेच धुतला. पुढच्या खेपेला आईने आजीसाठी डब्यात चिवडा दिला.

मोजणीच्या दिवसांत आजी न चुकता यायची. डोक्यावर पदर, हातात काठी, पायात नातवाचे जुने बूट. मी कुठेही असले तरी तिला आधी पिवळ्या बिल्ल्यांकडे जायचं असायचं. मग मी टेप घेऊन तिच्यासोबत निघायची आणि रानभर विखुरलेली तिची झाडं एकेक करून मोजायची. झाडाला टेप लागला की ती विचारायची, "भरलं का गं?" अंगावरच्या पोराबद्दल विचारावं तसं. माझा सहकारी, लातूरकडचा, सहा फुटी गडी, तोवर बाकीची झाडं उरकत जायचा. तिच्या झाडांना हात मीच लावायचा, असा न बोलता नियमच होऊन गेला होता. आजीला तेवढंच बरं वाटतं, असं आम्ही म्हणायचो. आमचंही काही बिघडत नव्हतं, असं तेव्हा वाटत होतं.

आता ती छातीची गोष्ट. मी नव्याने रुजू झाले तेव्हा त्याच आधीच्या साहेबांनी कंत्राटी कामगारांना गोळा करून मोजणी शिकवली. "टेप छातीच्या उंचीवर धरायचा," ते खड्या आवाजात म्हणाले. मागून कुणीतरी हिंदीत विचारलं, "किसकी छाती, सर?" आणि सगळे हसले. साहेबही हसले. बाई मी एकटीच होते. कुणी माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला माहीत नाही, कारण मी पायाखालच्या मातीकडे बघत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं होतं. पुढे शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी तो शब्दच काढून टाकला. मी म्हणायची, "खिशाच्या उंचीवर." शर्टाचा खिसा सगळ्या पुरुषांना असतो. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता. तो असता तर जिथे असता, तिथे मी टेप धरत होते.

एक मीटर सदतीस हा आकडा मी परीक्षेत लिहिला होता आणि त्याचे गुणही मिळवले होते. पण माझ्या डोक्यात तो आकडा आणि माझी छाती एकच होती. मी कधी आरशासमोर टेप घेऊन उभी राहिले नव्हते. उलट, आपली उंची मोजायची वेळ आली की मी आयुष्यभर काहीतरी कारण काढून बाजूला झालेली. शाळेत रांगेत पहिली, लग्नाच्या बोलण्यांत "मुलगी तशी चांगली आहे" या वाक्यातली 'तशी'. पूर्वी मापाची एक काठी होती म्हणे. ती वाळवीने खाल्ली की कुणी कुत्र्यामागे फेकली, कोण जाणे. नवी काठी करून घ्या, एवढं म्हणायला काय जात होतं? पण काठीचा विषय काढला की उंचीचा विषय निघणार, उंचीचा निघाला की छातीचा, आणि पुन्हा कुणीतरी मागून विचारणार. मी तो विषय काढला नाही. सहा फुटी सहकारी त्याच्या खिशाशी मोजत राहिला, मी माझ्या. तो जवळजवळ बरोबर होता. मी त्याच्यापेक्षा चांगली दीड वीत खाली होते, आणि खाली झाड जाड असतं.

काही वर्षांच्या मोजण्या हाताशी आल्यावर मी हिशेब मांडला. घेरात पिवळं कुळ पहिलं आलं. थोडंथोडकं नाही, चांगल्या फरकाने. उंचीत मात्र ते कुठेतरी मधेच होतं, कारण उंची आम्ही खुणांच्या बांबूने मोजायचो आणि बांबूला कुणाची लाज नसते. घेरात पहिलं आणि उंचीत मधलं, हे विचित्र आहे हे मला दिसायला हवं होतं. मला ते दिसलंही. मी त्यावर अहवालात एक सुरेख परिच्छेद लिहिला: या कुळात जाडी भरण्याचा स्वतंत्र आनुवंशिक गुण असावा. संस्थेत त्या परिच्छेदाचं कौतुक झालं. घेरातला बियाचा वाटा आमच्या प्रयोगात इतरांच्या प्रयोगांपेक्षा मोठा निघाला, त्याचंही झालं. हात दाखवून अवलक्षण करायचं तर ते असं, टाळ्या घेऊन.

आजीला मी मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. "पयलं?" तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, घेरात पहिलं, आजी, सगळ्या कुळांत. तिने सुनेला हाक मारून ते पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या देवळापासून कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना पेढे. तिचा थोरला मुलगा जेसीबीच्या धंद्यातला, आईशी कामापुरतं बोलणारा. तो एकदा पाहुण्यांना सांगताना मी स्वतः ऐकला: "आमच्या आईचं झाड रिसर्चमधी एक नंबर आलंय." आजी बाजूला बसून हे ऐकत होती आणि न ऐकल्यासारखं करत होती. पाहुणे गेल्यावर ती मुलाला म्हणाली, "पाडलं तवा इचारलं आस्तंस तर सांगितलं नसतं का मी?" तो मान खाली घालून गाडीची किल्ली शोधायला लागला. त्या घरात तिचा शब्द थोडा वर आला होता, हे बाहेरच्यालाही कळत होतं. मला त्याचा अभिमान वाटला. सगळ्यात जास्त लाज आज मला त्या अभिमानाची वाटते.

मग तो टप्पा आला ज्यासाठी असले प्रयोग करतात. चांगली ठरलेली कुळं ठेवायची आणि बाकीची तोडून टाकायची, म्हणजे उरलेल्यांत आपसात पराग जाऊन पुढचं बी उत्तम मिळतं. वरची निम्मी कुळं राहणार, खालची जाणार. आजीला मी हे आधीच सांगितलं होतं. पिवळ्यांना धोका नाही, हेही सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंग माज्यामागं बी ऱ्हाईल ते." एवढंच तिला हवं होतं. घरात तिच्या नावावर काही नव्हतं, आणि तिला ते हवंही नव्हतं.

तोडीआधी खात्री करायला मुख्य कार्यालयातून एक मोठे साहेब आले. वयस्कर, कमी बोलणारे, उन्हाची टोपी घातलेले. त्यांनी अहवाल वाचला होता. रानात शिरताच ते पिवळ्या बिल्ल्याच्या एका झाडापाशी थांबले आणि म्हणाले, "मोजा." मी टेप लावला, आकडा सांगितला. त्यांनी माझ्या सहकाऱ्याला तेच झाड मोजायला लावलं. त्याचा आकडा चांगलाच कमी भरला. पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा तेच. मला वाटलं, याच्याच टेपमध्ये दोष आहे. मी तसं बोललेही.

"आता दोघं एकदमच मोजा," साहेब म्हणाले. "आणि टेप सोडू नका. तसेच उभे राहा."

आम्ही दोघं एकाच झाडाला दोन बाजूंनी टेप गुंडाळून उभे राहिलो. एक पट्टी वर, एक खाली. मधे दीड वीत झाड. कामगार बघत होते, कंपनीचा सुपरवायझर बघत होता, आणि शिफ्ट सुटून बसकडे निघालेले काही जण कुंपणापलीकडे थांबले होते. सगळ्यांना एका नजरेत कळलं. कळलं नव्हतं ते फक्त मला, कारण मी माझ्या टेपवरचा आकडा वाचण्यात गर्क होते.

"मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही झाड नाही मोजलं. तुम्ही स्वतःला मोजलंय."

हसू आलं ते आधी कुंपणापलीकडून आलं. माझा सहकारी हसला नाही. तो घाबरून म्हणाला, "तुम्हीच म्हणलाव की मॅडम, खिशापाशी धरायचं म्हणून. मी खिशापाशीच धरालो." त्याचं खरं होतं. साहेबांनी विचारलं, "खिशापाशी? छातीच्या उंचीवर असं का नाही सांगितलं?" टेप अजून माझ्या हातातच होता आणि माझे कान इतके तापले होते की मला वाटलं, ते लांबूनही दिसत असतील. मेल्याहून मेल्यासारखं, हे मी आजवर नुसतं म्हणत होते.

त्यानंतरचं काम साहेबांनी माझ्याकडूनच करवून घेतलं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, ते केलं असतं तर बरं झालं असतं. कंपनीच्या स्टोअरमधून प्लास्टिकचा पाइप आणून बरोबर मापाला कापला. तो प्रत्येक झाडाला टेकवून लाल रंगाचा पट्टा मारायचा आणि पट्ट्यावर टेप धरायचा. माझे हात डोळ्यांसमोर यायचे. दिवसभर हात वर करून संध्याकाळी खांदे भरून येत. कामगार आता माझ्यासमोर "छाती" हा शब्द अगदी सहज बोलत होते. त्यांच्या दृष्टीने त्यात काही नव्हतं, बहुधा कधीच नव्हतं. आजी त्या दिवसांत आली नाही. तिचा गुडघा धरला होता. मी मनातल्या मनात तिच्या गुडघ्याचे आभार मानले आणि त्याचीही लाज वाटून घेतली.

नवीन हिशेब मांडला. घेरातला बियाचा वाटा, ज्याचं एवढं कौतुक झालं होतं, तो धाडकन खाली आला. आधीच्या त्या मोठ्या वाट्यात बराचसा भाग बियाचा नव्हता, माझ्या बुटकेपणाचा होता. पिवळं कुळ पहिल्या जागेवरून घसरत घसरत निम्म्याच्या रेषेखाली गेलं. अगदी तळाला नाही. रेषेच्या खाली, एवढंच. मी तो हिशेब पुन्हा केला. मग सहकाऱ्याकडून करून घेतला. तो म्हणाला, "मॅडम, बदलना गेलंय. किती बी करा." मग मी साहेबांना फोन केला आणि कडेची चार-दोन झाडं राहू द्यावीत अशी विनंती केली. म्हटलं, एका म्हातारीचा जीव आहे त्यांत. ते म्हणाले, "तिला वाईट वाटेल, हे मला समजतं. पण पराग कुंपण बघत नाही. हलकं कुळ ठेवलं तर पुढच्या सगळ्या बियात ते मिसळणार." ते चुकीचं काही बोलत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि हे मला त्या क्षणी अजिबात आवडलं नाही.

सहकारी म्हणाला, आजीला कळवू नका, गुडघा बरा होईस्तोवर तोड उरकून जाईल. त्यात त्याची माया होती. पण तिच्या पाठीमागे एक साग आधीच पाडून झाला होता. मी गेले.

त्यांची चार मजली इमारत जुन्या खळ्याच्या जागी उभी आहे. खालच्या खोल्यांत कंपन्यांतली भाडेकरू मुलं, अंगणात फरशी, फरशीवर दोन गाड्या. आजी तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला फडकं बांधलेलं. सून मेथी निवडत होती.

"आलीस व्हय," आजी म्हणाली. "कदी लागणार तोडायला? बाकीची?"

बाकीची. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. मी चुकीच्या जागी मोजत होते. खाली मोजलं, म्हणून झाडं जाड भरली. नीट मोजल्यावर तुमचं कुळ मागं पडलं. तोडायच्या झाडांत तुमचीही आहेत, आजी.

तिने गुडघ्यावरचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. मला ते सहन होईना, म्हणून मी भराभर बोलत सुटले. म्हटलं, तोडीआधी झाडांवर जे बी असेल ते मी जमवून आणून देते, लावता येईल.

"कुठं लावू?" तिने विचारलं. "पार्किंगात?"

मग तिने सुनेकडे वळून सांगितलं, "जा गं, खाली पाणी आलंय का बघ." सून उठून गेली. जिन्यावरचा तिचा आवाज खाली गेल्यावर आजी माझ्याकडे सरकली. तिचा चेहरा मला वाटला होता तसा नव्हता. तो मऊ झाला होता.

"माज्यासाठी केलंस व्हय गं?"

मला आधी कळलंच नाही.

"माजी झाडं तू येकटीच मोजायचीस. दुसऱ्याला हात लावू देत नव्हतीस. मला वाटायचंच." तिने माझा हात धरला. "पोटच्या पोरांनी पाडताना मला इचारलं न्हाई. आन तू, कोन कुठली, माज्यासाठी सायबाला खोटं सांगितलंस. घावलीस का आता? नोकरी तर ऱ्हाईल न्हवं तुजी?"

मी गप्प राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही, फार नसेल. पण तेवढ्या वेळात मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे. रानात सगळ्यांनी मला मूर्ख ठरवल्यावर कुणीतरी मला चांगली म्हणत होतं. मी मायाळू ठरत होते, आणि तेही इतक्या स्वस्तात. मी मान डोलावली. नोकरी राहील, एवढ्यापुरती. तिने ती 'तुमच्यासाठीच केलं' याचीही धरली.

"मंग आणिक येकदा कर," ती म्हणाली.

"काय, आजी?"

"तसंच. आता तर खरी गरज हाय."

मी म्हटलं, आता जमणार नाही. प्रत्येक झाडावर लाल पट्टा मारलाय, कुणीही मोजलं तरी तेच येणार.

"पट्टा कोन मारतं? तूच ना?" तिने आवाज आणखी खाली आणला. "माज्या झाडांना वाईच खाली मार. कोन बघतंय, बाय? येवढी शंभर झाडं. माजी राहिली तर कंपनी बुडायची हाय का?"

ती विनवत होती. तिच्यासारखी बाई, जिने मुलांपुढे कधी पदर पसरला नाही, ती माझा हात धरून विनवत होती. कारण एकदा मी तिच्यासाठी खोटं केलं होतं, असं तिला वाटत होतं. मी ते तसंच राहू दिलं असतं तर तिची विनंती नाकारायला मला काय तोंड होतं? आणि मान्य करणं शक्य नव्हतं. त्या दोन्हींच्या मधे मी सापडले आणि खरं बोलून मोकळी झाले. लाल पट्टा खाली मारणं मला पाप वाटलं असेल, पण खरं सांगायचं तर त्याहीपेक्षा मला पुन्हा पकडलं जाण्याची भीती वाटली.

"आजी, तेव्हा मी मुद्दाम केलं नव्हतं," मी म्हणाले. "मला माहीतच नव्हतं. टेप छातीच्या उंचीवर धरायचा असतो. माणसांसमोर तो शब्द बोलायची मला लाज वाटायची. म्हणून मी दुसरंच काही सांगत गेले आणि माझ्या उंचीवर मोजत गेले. तुमची झाडं माझ्या वाट्याला होती, म्हणून ती जाड भरली. बाकी काही नाही."

तो शब्द मी कुणासमोर मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारत होते. काहीही झालं नाही. आजीने त्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

"म्हंजी माज्यासाठी न्हवतं?"

"नाही."

तिने हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला. खाली एक गाडी मागे घेताना पीं पीं करत होती. झाडं जाणार हे तिने ऐकून घेतलं होतं. त्यावर ती रडली नव्हती, मला शिव्याही दिल्या नव्हत्या. आता मात्र तिने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि पदराने नाक पुसलं.

"येवढं तरी खोटं बोलायचं व्हतंस, पोरी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "चुकलं, आजी." काय चुकलं ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.